आतून वितळलेला बर्फ

आमच्या बंदरावर दुपारी डांबर पाघळतं, तरी पोलिकार्पो बेलेसिना अंगात जाकीट घालून फिरायचा. निळं, जाड, गळ्यापर्यंत चेन ओढलेलं. बर्फाच्या कारखान्याचा मुकादम होता ना तो. कारखान्यात लाद्या ओढणारे मजूर उघड्या अंगाने काम करायचे, त्यांना कधी थंडी वाजल्याचं मी ऐकलं नाही. थंडी फक्त याला वाजायची, आणि तीही बाजारात किंवा चर्चच्या पायऱ्यांवर, जिथे चार माणसं बघत असतील तिथे. मानेवरून घामाचे ओघळ चाललेले असायचे आणि हा सांगायचा, की गारव्याची सवय झाली की माणसाला उन्हातही बरं वाटत नाही.

सगळे त्याला नोंग कार्पो म्हणायचे. नोंग म्हणजे थोरला भाऊ. वयाने मोठ्या कुठल्याही पुरुषाला आम्ही तसंच म्हणतो, मोठ्या बाईला नांग, त्यासाठी काही लायकी लागत नाही.

मी चोलेंग. धक्क्याच्या टोकाला माझं मासे सुकवायचं वाळवण आहे. मला बर्फ लागत नाही, ऊन लागतं. त्यामुळे या माणसापुढे हात जोडायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. बाकीच्या बंदराला ती चैन नव्हती, कारण कारखाना एकच होता. ज्याला मासे धरून परत यायचंय त्याने आधी कार्पोच्या दारात उभं राहायचं, हसायचं, त्याच्या जाकिटाचं कौतुक करायचं. होड्या चालवणारे आमचे तांडेल समुद्रात मोठे वाघ, पण बर्फाच्या रांगेत उभे राहिले की मांजरं व्हायची त्यांची.

कार्पो तिथे लाद्या ओढायलाच लागला होता, पण वर्ष सरायच्या आत त्याच्या हातात मुकादमाची छडी आली. त्याची बायको सालुद, तिची मावशी मालकाच्या घरी स्वयंपाकाला होती, एवढंच त्याचं शिक्षण. मालक इलोइलो शहरात राहायचा आणि त्याला बर्फातलं एकच कळायचं, की लाद्या जास्त निघाल्या पाहिजेत.

लादी कशी होते हे खरं तर बंदरावर सगळ्यांना ठाऊक आहे. जमिनीत मोठा हौद असतो, त्यात मिठाचं पाणी. ते इतकं गार केलेलं असतं की साधं पाणी असतं तर कधीच गोठलं असतं, मिठामुळे पातळ राहतं. त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उंच डबे सोडतात. डब्यातलं पाणी भिंतींकडून गोठायला लागतं आणि गोठत गोठत आत सरकतं. गोठताना ते आपल्यातला गाळ, खार, हवा, सगळं पुढे ढकलत नेतं, म्हणून अगदी मध्ये शेवटी जे उरतं ते सगळ्यात घाणेरडं पाणी. तोवर नळीने हवा फुंकत पाणी हलतं ठेवायचं, मधलं घाण पाणी ओढून काढायचं, तिथे स्वच्छ पाणी ओतायचं, आणि मग थांबायचं. दोन दिवस थांबलं की लादी आरपार होते, काचेच्या खांबासारखी.

कार्पो थांबत नसे. हंगामात होड्यांची रांग लागली की दीड दिवसातच डबे वर ओढायला लावायचा. बाहेरून हातभर जाड बर्फ दिसायचा, आत पोटात नुसतं पाणी. वरच्या तोंडाला भोक राहायचं, त्यात बर्फाचा चुरा ठासायचा, वरून छडीने ठोकायचा आणि म्हणायचा, "पक्की." वजनाला लादी कमी भरायची नाही, कारण पाण्यालाही वजन असतं. त्याची हुशारी होती ती एवढीच, आणि तिच्या जोरावर मालकाकडून दर नाताळाला डुकराची एक तंगडी यायची.

एकदा माझा थोरला भाऊ पोन्सो, तो तांडेल आहे, त्याने धक्क्यावरच लादी फोडली. कुऱ्हाडीचा एक घाव बसला आणि आतून पाणी भसाभस त्याच्या पायांवर आलं. तो तसाच ओल्या पायांनी कारखान्याच्या दारात गेला. मी वाळवणावरून बघत होते, आणि खरं सांगायचं तर टोपली खाली ठेवून जवळ गेले.

"नोंग कार्पो, पाणी आम्हाला समुद्रात फुकट मिळतं," पोन्सो म्हणाला. "ते विकत घ्यायला आम्ही इथे येत नाही."

कार्पोने जाकिटाची चेन जरा वर ओढली. लादी उन्हातून नेली असशील, म्हणाला.

"दारातून होडीपर्यंत नेली."

"मग तेवढ्यात वितळली. आतून वितळली ती."

आतून वितळली. वीस-पंचवीस माणसं उभी होती, सगळी जन्मापासून बर्फ हाताळणारी. बर्फ बाहेरून वितळतो हे त्यातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण कुणी तोंड उघडलं नाही. एकदोघांनी तर मान डोलावली, की हो, होतं असं कधीकधी. त्यांच्या लाद्या अजून मिळायच्या होत्या. पोन्सोच्या पुढच्या लाद्या कार्पोने आठवडाभर अडवून ठेवल्या, आणि पोन्सोला त्याच्या घरी माडी घेऊन जावं लागलं. घेऊन गेला माझा भाऊ. मी त्याच्याशी तेव्हा बोलणं टाकलं होतं.

त्या साली मासळीच्या कॉलेजातली मुलं कारखाना बघायला आली. कार्पोने आदल्या दिवशी केस कापून घेतले. मुलांना हौदाभोवती फिरवून त्याने असं काही भाषण ठोकलं, की थंडी खिळ्यासारखी पाण्यात शिरते, बर्फाचं बी आधी तयार व्हावं लागतं, आणि ते बी त्याला नुसत्या नजरेने दिसतं. मास्तर बिचारे जांभया देत होते. त्यांच्यात एक चष्मेवाली मुलगी होती, बारीक आवाजाची. तिने बाहेर काढलेल्या एका लादीच्या तोंडातला चुरा पेन्सिलीने उकरला. पेन्सिल सबंध आत गेली. ती म्हणाली, काका, ही अजून झालेली नाही.

कार्पोने तिच्याच मास्तरांकडून थर्मामीटर मागून घेतला आणि आतल्या पाण्यात बुडवला. मग सगळ्यांना दाखवला. पारा शून्यावर होता.

"बघ पोरी. बर्फ जेवढा थंड तेवढंच हे पाणी थंड. फरक कुठे आहे?"

"थंड आहे, पण बर्फ नाही," ती म्हणाली. "बर्फ वितळताना माशाच्या अंगातली उष्णता ओढून घेतो, म्हणून मासा टिकतो. हे पाणी कधी गोठलंच नाही, तर वितळणार काय आणि ओढणार काय? ते थोडीशी ओढेल आणि गरम होऊन बसेल."

तिने आणखीही सांगितलं, की पाण्याचा बर्फ करताना जी उष्णता बाहेर काढायला दोन दिवस जातात, तेवढीच उष्णता बर्फ वितळताना माशातून परत घेतो. मला ते तेव्हा ऐकताच पटलं. माझं वाळवण त्याच्या उलटं, पण हिशेब तोच, की ऊन जेवढा वेळ मागतं तेवढा द्यावा लागतो. कार्पोलाही कळलं असणार. पण त्याने त्या बोलण्यातलं अर्धंच घेतलं. दुसऱ्या आठवड्यात त्याने शहरातून स्वतःचा थर्मामीटर मागवला आणि जाकिटाच्या खिशात अडकवला, डॉक्टर पेन अडकवतात तसा. कुणी पोकळ लादीची तक्रार केली की लादीत थर्मामीटर घालायचा, शून्य दाखवायचा आणि विचारायचा, आता शास्त्राच्या पुढे तुझं काय म्हणणं आहे? शास्त्र म्हटल्यावर आमची माणसं गप्प. आधी ती भीतीने गप्प बसायची, आता आदराने बसायला लागली.

त्याला येत नव्हतं असं मात्र नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो.

मेयरच्या मुलीचं लग्न निघालं. कार्पोने स्वतःहून जाऊन सांगितलं की जेवणाच्या मेजावर ठेवायला एक लादी करून देतो, आत अख्खा मासा असलेली. त्या एका लादीसाठी त्याने काय केलं ते मजुरांनी मला सांगितलं. पाणी आधी उकळून निववलं, म्हणजे त्यातली हवा निघून जाते. लाल गोबरा मासा धुऊन पुसून बारीक दोऱ्याने डब्यात बरोबर मध्ये टांगला. नळीच्या हवेचा जोर हाताने कमीजास्त करत राहिला. मधलं पाणी परत परत ओढून बदललं. घरी जेवायला गेला नाही, हौदाच्या फळीवर बसून राहिला. मजूर म्हणाले, त्या दोन दिवसांत तो कुणाला शिवी देऊन बोलला नाही.

लग्नात मी भाताची पातेली सांभाळत होते, तेव्हा ती लादी जवळून पाहिली. खोटं कशाला बोलू, तसं काही मी परत पाहिलं नाही. लादी आहे हेच कळत नव्हतं. लाल मासा हवेत पोहताना थांबल्यासारखा, प्रत्येक खवला वेगळा, शेपटीच्या कडा पसरलेल्या, कुठे बुडबुडा नाही की धुकं नाही. पलीकडे बसलेल्या म्हाताऱ्यांचे चेहरे तिच्यातून सरळ दिसत होते. भाजलेलं डुक्कर सोडून लोक तिच्याभोवती जमले. कार्पो बाजूला उभा होता, जाकिटातच, आणि लादीवरून ओघळणारं पाणी रुमालाने टिपत होता.

म्हणजे बर्फ कसा करतात ते त्याला पक्कं ठाऊक होतं. फक्त तो आमच्यासाठी करायचा नाही. मेयरच्या मेजावर मेलेल्या एका माशासाठी दोन दिवस, आणि ज्यांची अख्खी घरं मासळीवर चालतात त्यांच्यासाठी छडी आणि थर्मामीटर.

त्या कौतुकाने तो पार चढला. नुसता मुकादम राहणं त्याला कमीपणाचं वाटायला लागलं. सालुदला तिच्या बापाकडून नारळाची बाग मिळाली होती, ती त्याने विकायला लावली आणि रात्री दिवे लावून जाळं टाकतात तसली एक मोठी जुनी होडी घेतली. सालुद महिनाभर नाही म्हणत होती. ती मला म्हणाली, नांग चोलेंग, रोज सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत एकच पुराण ऐकून माझे कान किटले, शेवटी सही करून टाकली. होडीला रंग दिला आणि बाजूला हाताएवढ्या अक्षरांत नाव लिहिलं, 'डोन पोलिकार्पो'. डोन आमच्याकडे जमीनदाराला म्हणतात. होती ती जमीन नुकतीच विकलेली होती, पण त्याला ते विसंगत वाटलं नाही.

होडी पाण्यात सोडायचा दिवस ठरला. पाद्री बोलावले, मेयर बोलावले, शाळेचा बँड बोलावला. आपल्या होडीसाठी कार्पोने मजुरांना बजावून ठेवलं होतं की एका रांगेतल्या डब्यांना पूर्ण गोठेपर्यंत हात लावायचा नाही. इथे त्याला थांबणं कळत होतं. पण त्याच आठवड्यात बांगड्याचे थवे आले. होड्यांची झुंबड उडाली, जो तो बर्फ मागायला लागला, आणि हंगामाची संधी सोडेल तर तो कार्पो कसला. राखून ठेवलेली रांगही त्याने विकून टाकली. त्या जागी नवे डबे सोडले, म्हणाला, समारंभापर्यंत होतील.

ते झाले नाहीत. सकाळी मजुरांनी झाकणं उचलून बघितलं तर मधे वीतभर पाणी डुचमळत होतं. त्यांनी त्याला जाऊन सांगितलं, उद्या दुपारपर्यंत थांबा. एक दिवसाचा तर प्रश्न होता. पण पाद्री मोटारीतून उतरले होते, बँडवाली पोरं वाजवायला सुरुवात करून बसली होती, आणि मेयरची बायको होडीवर फोडायची बाटली हातात घेऊन उभी होती. एवढ्या लोकांसमोर बर्फाच्या मुकादमाची होडी बर्फावाचून अडली असं दिसलं असतं. त्याने डबे ओढायला सांगितले. तोंडं चुऱ्याने भरली, आणि छडीने एकेक लादी ठोकत तो म्हणत गेला, पक्की, पक्की. आपलाच बर्फ, आपलीच होडी, आणि फसवायला समोर दुसरं कुणी नाही, तरी म्हणत गेला.

पोन्सोची होडी शेजारी बांधलेली होती. त्याने कठड्यावरून वाकून विचारलं, "नोंग कार्पो, थर्मामीटर लावलास ना?"

"शून्य आहे," कार्पो म्हणाला.

"मग झालं. शास्त्रच आहे तुझ्या बाजूने."

होडी गेली. तांडेल होता म्हातारा इस्को, शेजारच्या गावचा, शब्द मोजून बोलणारा माणूस. त्यांना थवा सापडला आणि असा सापडला की होडीच्या पोटातले मासळीचे खण कमी पडले. पण भरलेला बर्फ निम्मा तर लाद्या फोडतानाच पाणी होऊन खणाच्या तळाला गेला होता. इस्कोने लगेच परत फिरायचं ठरवलं, तर वारा समोरून आला. होडी धक्क्याला लागायच्या आधीच तिचा वास लागला. वाळवणावरची कुत्री उठून उभी राहिली.

कार्पो मेयरच्या एका माणसाला बरोबर घेऊन आला होता, मासळी दाखवायला. खण उघडला. वरचे बांगडे तरी अंगाने धड होते, खालच्यांची पोटं फुटलेली, डोळे आत गेलेले, सगळं कोमट गुलाबी पाण्यात तरंगत होतं. मेयरचा माणूस रुमाल नाकाला लावून मागे सरला. कार्पोने खलाशांकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, की यांनी खणाची झाकणं उघडी टाकली असणार, बेअक्कल लोक.

इस्को होडीवरून उतरला. त्याने पायातले बूट काढून त्यातलं पाणी धक्क्यावर ओतलं.

"बर्फ आतून वितळला, नोंग," तो म्हणाला, आणि घरी गेला.

कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं. आमच्या लोकांना त्या वेळीही तो उद्याच्या लाद्या देणारा माणूसच दिसत होता.

मग सालुद आली. तिने खणात हात घातला, एक बांगडा उचलला, अंगठ्याने दाबला. अंगठा आत गेला. तिने कार्पोकडे बघितलं नाही, मला हाक मारली. "नांग चोलेंग, सुकवायला घेशील का? देशील ते दे."

मी टोपली घेऊन खाली उतरले होते, पण मासा हातात धरल्यावर परत टाकला. नरम पडलेली तारली मी घेते, मीठ जरा जास्त लावते. हा बांगडा खाल्ला असता तर लोकांच्या अंगावर गांधी उठल्या असत्या, ओठ सुजले असते. मी नाही म्हटलं. सालुद म्हणाली, बरं केलंस स्पष्ट सांगितलंस. मग तिने बैलगाड्या बोलावल्या आणि सगळी मासळी खतासाठी नारळाच्या बागेत पाठवली. बाग तिच्याच बापाची, विकलेली. नवा मालक खूश झाला, फुकटचं खत होतं. त्याने गाडीभाडंही दिलं नाही.

एवढं होऊनसुद्धा कार्पोची नोकरी गेली नाही. मालकापर्यंत बातमी गेली तेव्हा त्याने विचारलं म्हणे, लाद्या किती निघाल्या? पुष्कळ निघाल्या होत्या. होडी कार्पोने पडेल त्या भावाने काढून टाकली, घेणाऱ्याने नाव रंगाने पुसून त्यावर आपल्या नातीचं नाव लिहिलं. पुढच्या हंगामात पुन्हा तीच छडी, तेच पक्की, पक्की. एक फरक पडला, आता पोकळ लादीला कुणी नाव ठेवलं की तो चिडायचा आणि म्हणायचा, मी स्वतःच्या होडीत हाच बर्फ घातला होता, माझ्यावर विश्वास नाही? लोक त्यावरही मान डोलावत. कधीकधी मला वाटायचं, कार्पोपेक्षा त्या माना जास्त पोकळ आहेत.

शेवटी त्याला कुणी शहाणपण शिकवलं नाही, की कुणी जाब विचारला नाही. शेजारच्या गावात दुसऱ्या एका माणसाने कारखाना काढला, एवढंच झालं. तो गिऱ्हाइकासमोर लादी करवतीने आडवी कापून दाखवायचा आणि मग द्यायचा. पहिल्या हंगामात पोन्सो गेला, मागोमाग दहा होड्या गेल्या, आणि दुसऱ्या वर्षी इथल्या दारात रांग उरली नाही. मालकाने एक दिवस यंत्रं उचलून नेली. हौदात पावसाचं पाणी साठलं, त्यात बेडूक झाले. तोपर्यंत मान डोलावणारे सगळे आता सांगतात की आम्ही त्याला पहिल्यापासून ओळखून होतो.

सालुदने बाजारात किसलेल्या बर्फाचं दुकान टाकलं आहे. पेल्यात उकडलेली केळी, नारळाचं खोबरं, दूध, वर बर्फाचा कीस. बर्फ त्या दुसऱ्या कारखान्यातून येतो, रोज सकाळी एक लादी, आरपार. दुकान चांगलं चालतं, सालुदच्या हाताला चव आहे. किसणीचं चाक फिरवायला कार्पोला बसवलंय. जाकीट नाही, चाक फिरवताना फार घाम येतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो न विचारता सांगतो, की हल्लीच्या लोकांना बर्फ करता येत नाही, फार कडक करतात, दात बसत नाही किसणीचा. कुणी नवखा असला तर ऐकून घेतो.

परवा मी पेला घ्यायला गेले होते तेव्हाही त्याचं तेच चाललं होतं. थांबून माझ्याकडे बघायला लागला, मी काही म्हणेन म्हणून.

"बोलू नको, फिरव," सालुद आतून म्हणाली.

त्याने फिरवलं. कीस बारीक आणि कोरडा पडत होता. मी दोन पेले खाल्ले.